बुलबुलांचा उत्सव आणि खेळाचा परवाना



दरवर्षी २२ फेब्रुवारीला जगभरातल्या गाईड मुली एक दिवस साजरा करतात. आपल्या शाळांमध्ये त्याला 'चिंतन दिन' म्हणतात. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माझ्यासारख्या बाईला, चिंतनासाठी कुणी अख्खा दिवस राखून ठेवलाय म्हटल्यावर, बरं वाटणारच. पण त्या दिवशी शाळेच्या मैदानावर जाऊन बघा. या संघटनेत प्राथमिक शाळेतल्या मुलींना 'बुलबुल' म्हणतात. या बुलबुल काय करत असतात? गोल करून उभ्या असतात आणि पावसाची टाळी वाजवत असतात. आधी एका बोटानं, मग दोन बोटांनी, मग पाचही बोटांनी, सर कोसळावी तशी. कुणी दोरीला गाठ मारतेय, कुणी डोळ्यांवर रुमाल बांधून मैत्रीण शोधतेय, कुणी नुसतीच पळतेय. चिंतन कुठं दिसत नाही. दिसतो तो दंगा. 'कब-बुलबुल उत्सव' म्हणून दिवसभराचे मेळावे भरतात, त्यांतही हेच चित्र.

आजच्या व्याख्यानाचा विषय हा दंगा आहे. कुणी म्हणेल, प्राध्यापकांना दुसरं काही सुचलं नाही का? पण माझ्या मते या दंग्यामागे शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एक प्रश्न दडलेला आहे. लहान मुलींना एक दिवस नुसतं खेळू द्यायचं, तर मोठ्या माणसांना दरवेळी काहीतरी कारण का लागतं? मुलगा अंगणात पळाला तर आपण म्हणतो, 'पोरगा आहे, खेळणारच.' मुलगी पळाली की विचारतो, 'कुठं निघालीस? काम झालं का?' म्हणजे मुलीच्या खेळाला परवाना लागतो. हे परवाने कोणी दिले, कशाच्या नावानं दिले, आणि मुलींनी त्यांचं काय केलं, हे आज बघू या.

सुरुवात लंडनपासून. ४ सप्टेंबर १९०९. क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर बॉय स्काऊटांचा मोठा मेळावा भरला होता. चळवळ तेव्हा अगदी नवी होती. ऑगस्ट १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर थोड्या मुलांना घेऊन पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं, १९०८ मध्ये त्यांचं स्काउटिंगचं पुस्तक पंधरवड्याच्या भागांनी निघालं, आणि वर्षभरात हजारो मुलांनी आपापली पथकं काढली. ते पुस्तक मुलांसाठी होतं. पण पुस्तकाची गंमत अशी, की ते घरात आलं की भावाच्या हातातून बहिणीच्या हातात जातं. मुलींनीही ते वाचलं, आपापसात पथकं केली, आणि काहींनी नोंदणी करताना पूर्ण नावाऐवजी नुसती आद्याक्षरं लिहिली. म्हणजे मुलगा की मुलगी, ते कळायलाच नको.

तर त्या दिवशी क्रिस्टल पॅलेसमध्ये टोप्या, काठ्या घेऊन काही मुली येऊन उभ्या राहिल्या. बोलावणं नव्हतं. 'आमच्यासाठीही काहीतरी करा,' एवढंच त्यांचं मागणं. आज गाईड चळवळीचा इतिहास सांगताना हा प्रसंग सगळे कौतुकानं सांगतात. मला त्यातली एकच गोष्ट अधोरेखित करायची आहे. मुलींची ही संघटना कुण्या थोर पुरुषाच्या डोक्यातून निघालेली नाही. ती मुलींनी मागून घेतली आहे, आणि मागणी होती ती रानात हिंडण्याची, शेकोटी पेटवण्याची, माग काढण्याची. थोडक्यात, खेळाची.

आता मोठ्या माणसांपुढे पेच आला. त्या काळातल्या आईबापांना धास्ती होती, की मुली अशा रानोमाळ हिंडायला लागल्या तर 'पुरुषी' होतील. मग वाट काढली गेली. बेडन-पॉवेल यांनी हे काम आपली बहीण अ‍ॅग्नेस यांच्याकडे सोपवलं, आणि १९१० मध्ये मुलींची संघटना वेगळी झाली. नावही वेगळं दिलं, 'गर्ल गाईड्स'. मुलांच्या तुकड्यांना प्राण्यांची नावं होती, मुलींच्या तुकड्यांना फुलांची नावं आली. १९१२ मध्ये त्यांचं हस्तपुस्तक निघालं, त्याच्या शीर्षकातच लिहिलंय की मुली साम्राज्याच्या उभारणीला कशी मदत करू शकतात. हा पहिला परवाना. मुलीनं गाठी मारायला शिकायचं, का? तर साम्राज्याला उपयोग आहे. प्रथमोपचार, स्वयंपाक, शुश्रूषा, सगळं साम्राज्याच्या खात्यावर. मुलींना हवं होतं रान. ते त्यांना मिळालं, पण 'उपयोग' नावाच्या फाटकातून.

आणि आता येतात धाकट्या बहिणी. मोठी बहीण गाईडला निघाली की धाकटी पदर धरून 'मी पण' म्हणणारच, हे काय लंडनचं आणि काय लातूरचं, सारखंच. म्हणून १९१४ मध्ये या लहानग्यांसाठी वेगळा विभाग काढला गेला. त्याचं नाव ठेवलं 'रोझबड्स', म्हणजे गुलाबकळ्या. नाव गोड आहे. पण मुलींना ते आवडलं नाही! आणि का आवडेल? कळीनं काय करायचं असतं? गप्प बसायचं, सुंदर दिसायचं आणि उमलायची वाट बघायची. सात-आठ वर्षांच्या मुलीला यातलं एकही काम जमत नाही. १९१५ मध्ये नाव बदलून 'ब्राउनी' केलं गेलं. नाव मुलींना पसंत नाही म्हणून मोठ्यांनी वर्षभरात ते बदललं, ही घटना लहान वाटते, पण बालसंगोपनाच्या इतिहासात अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच सापडतील.

हे ब्राउनी म्हणजे कोण? ज्युलियाना होरेशिया यूइंग नावाच्या इंग्रज लेखिकेची १८६५ सालची एक बालकथा आहे. एका शिंप्याची दोन मुलं असतात, दोघं आळशी. आजी सांगते, पूर्वी आपल्या घरात एक ब्राउनी असायचा. ब्राउनी म्हणजे घरात राहणारा चिमुकला भुतोबा. घर झोपेत असताना तो सगळं झाडून-पुसून ठेवायचा आणि कुणाच्या नजरेला पडायच्या आत नाहीसा व्हायचा. थोरला मुलगा त्याच्या शोधात रात्री रानातल्या घुबडाकडे जातो. घुबड त्याला तळ्याकाठी पाठवतं. स्वतःभोवती गोल फीर, एक ओळ म्हण आणि पाण्यात बघ, ब्राउनी दिसेल, असं सांगतं. मुलगा बघतो. पाण्यात त्याला काय दिसतं? स्वतःचंच तोंड. मग भाऊ-भाऊ पहाटे गुपचूप उठून घरकाम करायला लागतात, आणि बाप समजतो, भुतोबा परत आला.

मुलींच्या संघटनेनं ही गोष्ट घेतली आणि तिचा विधी केला. नव्या मुलीला वचन देताना जमिनीवर ठेवलेल्या आरशात, म्हणजे त्या 'तळ्यात', बघायला लावायचे. मोठ्या ताईला 'घुबड' म्हणायचे. आणि हो, मूळ गोष्टीत घर झाडणारे दोघंही मुलगे होते. मुलींच्या पुस्तकात येताना त्यांतल्या एकाची मुलगी झाली.

इथे जरा थांबू या, कारण इथे दोन वाचनं शक्य आहेत, आणि मला दोन्ही खरी वाटतात.

पहिलं वाचन कडू आहे. मुलांच्या धाकट्या गटासाठी १९१६ मध्ये 'वुल्फ कब' विभाग आला. त्यांना गोष्ट दिली किपलिंगच्या 'जंगल बुक'ची: लांडग्यांचा कळप, अकेला, शिकार, रात्रीची सभा. ते जंगल कुठलं? सिवनीचं, म्हणजे आपल्या नागपूरहून जबलपूरकडे जाताना लागतं ते. एकाच वयाची भावंडं बघा. भावाला मिळालं सिवनीचं जंगल, बहिणीला मिळालं घरातलं भूत, आणि तेही कसं? रात्री उठून भांडी आवरणारं, आणि कुणाला न दिसणारं. बाईच्या कामाचं याहून नेमकं वर्णन कुठल्या समाजशास्त्रज्ञानं केलंय? काम दिसतं, करणारी दिसत नाही. आणि पाण्यात वाकून बघितलं तर आरसा म्हणतो, ती तूच आहेस! म्हणजे मुलीनं मागितला खेळ, आणि खेळाच्या वेष्टनात तिच्या हातात परत केरसुणीच आली.

दुसरं वाचन वेगळं आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही वर्षभर एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगत असतो: ज्याचा शोध घेतोस, तो तूच आहेस. उपनिषदांपासून हेच चाललंय. आठ वर्षांच्या मुलीला कुणीतरी प्रथमच सांगतंय, की जग सावरणारं कुणी बाहेरून यायचं नाही, तुझ्या हातांत ते आहे. हे बळ देणारं वाक्य आहे. आणि त्यात 'गुपचूप' हा शब्द विसरू नका. कुणी सांगितलं म्हणून केलेलं काम आणि कुणाला न सांगता, गंमत म्हणून केलेलं काम, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिलं सक्तीचं, दुसरं खेळाचं. हे 'गुपचूप' मनात ठेवा, पुढे ते आपल्याला सिंगापूरच्या तुरुंगात भेटणार आहे.

आता भारतात येऊ. खरं तर भारत या गोष्टीत आधीपासूनच आहे. 'गाईड' हे नाव बेडन-पॉवेल यांनी कुठून घेतलं? आपल्या वायव्य सरहद्दीवरच्या 'कोअर ऑफ गाईड्स' या लष्करी दलावरून. १८४६ मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेन यांनी ते उभारलं, पुढे मर्दानला त्याचं ठाणं होतं, आणि खाकी गणवेशाची सुरुवातही याच दलाशी जोडली जाते. म्हणजे लंडनमधल्या फ्रॉकवाल्या मुलींचं नाव सरहद्दीवरच्या पठाण-शीख शिपायांवरून पडलं. परवाना साम्राज्याचा होता तो असा, अगदी नावापासून.

आपल्याकडे पहिली गाईड कंपनी १९११ मध्ये जबलपूरला निघाली. सुरुवातीला ती युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलींपुरती होती, भारतीय मुलींना दारं काही वर्षांनी उघडली. आणि लहानग्यांचं काय? ब्राउनी इथे रुजणं कठीण होतं. आपली भुतं पिंपळावर बसतात, विहिरीत राहतात, ती कशाला येताहेत भांडी घासायला! १९२० मध्ये बेडन-पॉवेल यांनी लहान मुलींसाठी जे पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच 'ब्राउनीज' आणि 'ब्लू बर्ड्स' असे दोन पर्याय होते. भारतातल्या मुली 'ब्लू बर्ड्स' झाल्या, म्हणजे निळे पक्षी. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्काऊटांच्या संघटना एकत्र येऊन 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' झाली, १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईडही त्यात सामील झाल्या, आणि आज आपण या छोट्या मुलींना बुलबुल म्हणतो. कळी, मग भूत, मग निळा पक्षी, मग बुलबुल. मला हा प्रवास आवडतो. कळी जागची हलत नाही. भूत हलतं, पण दिसत नाही. पक्षी उडतो, आणि बुलबुल तर उडतो, दिसतो आणि आवाजही करतो!

पण परवाना सुटला का? नाही. साम्राज्याच्या जागी राष्ट्र आलं, चांगल्या नागरिकत्वाचं शिक्षण आलं. बुलबुलला पायऱ्या आल्या: कोमल पंख, रजत पंख, स्वर्ण पंख, हीरक पंख. नावं किती सुंदर आहेत! मी त्यांची चेष्टा करत नाही. गणवेशाच्या बाहीवर बिल्ला शिवून घेताना मुलीच्या चेहऱ्यावर जे येतं ते खरं असतं. पण पंखाला चांदी-सोन्याची पायरी लावली, की उडणं हे उडण्यासाठी राहत नाही, पुढच्या पायरीसाठी होतं. एवढं फक्त नोंदवून ठेवते.

कुणी म्हणेल, बाई, हे सगळं परकीय आहे, आपल्याकडे मुलींच्या खेळाची परंपरा नव्हती का? होती तर! आश्विनात पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरायचा, भोंडला. घरोघरच्या गाण्यांनंतर खिरापत ओळखायची. डबा हलवून बघायचा, वास घ्यायचा, 'गोड की तिखट?' असं खोदून विचारायचं, आणि यजमानीणबाईंनी शेवटपर्यंत दाद द्यायची नाही. यात उपयोग काय? काही नाही. म्हणून तर तो निखळ खेळ. नागपंचमीचे झोके, मंगळागौरीच्या फुगड्या आणि झिम्मा, सगळं आहे. पण परवाना इथेही आहे. मंगळागौरीला रात्रभर खेळायचं, ते व्रताच्या नावाखाली, आणि तेही लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. भोंडल्याच्या गाण्यांत लहान मुली सासरचं दुःख गातात, ज्या सासरी त्या अजून गेलेल्याही नाहीत. खेळताखेळता पुढच्या आयुष्याची तालीम. इंग्रज मुलीला ब्राउनीनं जी तालीम दिली, तीच. फरक एवढाच, की आपला परवाना धर्माच्या कचेरीतून निघाला आणि त्यांचा साम्राज्याच्या. आणि एक फरक गाईडच्या बाजूनंही सांगायला हवा. भोंडला आळीतला, नात्यातला, बहुधा आपापल्या जातीतला. शाळेच्या मैदानावरच्या गोलात शेजारी कोण उभी राहणार, हे आळी ठरवत नाही, शिटी ठरवते. हे छोटं नाही.

हा परवाना माणसाला इतका का हवा असतो? प्लेटो 'लॉज' या ग्रंथात म्हणतो, ज्याला पुढे चांगला गवंडी व्हायचंय, त्यानं लहानपणी खेळातली घरं बांधावीत. कांट शिक्षणावरच्या व्याख्यानांत बजावतो, की मुलाला काम करायला शिकवलंच पाहिजे, सगळंच खेळीमेळीनं शिकवू पाहाल तर फसाल. दोघंही थोर, पण दोघांच्याही डोळ्यांपुढे मूल म्हणजे उद्याचा कुणीतरी. आज जे मूल आहे, त्याचं काय? आपल्या परंपरेत मात्र एक धाडसी विचार आहे. बादरायणाच्या ब्रह्मसूत्रांत प्रश्न येतो, की ज्याला काहीच कमी नाही अशा ब्रह्मानं जग निर्माण का करावं? उत्तर मिळतं: लीला. काही मिळवायचं म्हणून नव्हे. गंमत बघा, परमेश्वराच्या खेळाला आपण कारण विचारत नाही, त्याला दर्शनाचा दर्जा देतो, आणि शेजारच्या चिमीला मात्र विचारतो, 'खेळून काय मिळालं?'

आता खेळ या परवान्यांचं काय करतो, ते एका उदाहरणानं सांगते. किपलिंगच्या 'किम' या १९०१ च्या कादंबरीत सिमल्याला लर्गन नावाचा रत्नांचा व्यापारी आहे. तो किमपुढे तबकात रत्नं मांडतो, थोडा वेळ बघू देतो, वर झाकण टाकतो आणि विचारतो, काय काय पाहिलंस? हे हेरगिरीचं शिक्षण आहे, ब्रिटिश सत्तेसाठी हेर तयार करण्याचं. बेडन-पॉवेल यांनी १९०८ च्या पुस्तकात हा खेळ घेतला, 'किमचा खेळ' म्हणून, निरीक्षणशक्ती वाढवण्यासाठी. पुढे तो गाईड आणि बुलबुलांच्या कार्यक्रमात कायमचा जाऊन बसला. आज तुमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला ताटात कंगवा, सुपारी, सेफ्टी पिन, लवंग ठेवून वर रुमाल टाकतात आणि 'लिहा आता' म्हणतात, तो खेळ हाच. कुठं गेलं साम्राज्य? कुठं गेले हेर? लवंग विसरली म्हणून हळहळणारी मावशी तेवढी उरली. परवान्याची मुदत संपते, खेळ उरतो. या शंभर वर्षांच्या इतिहासाचं सार मला यात दिसतं.

पण ही गमतीची बाजू झाली. आता सिंगापूर. १५ फेब्रुवारी १९४२ ला ब्रिटिशांनी जपान्यांपुढे शरणागती पत्करली. युरोपियन नागरिक, त्यांच्या बायका आणि मुलं चांगीच्या तुरुंगात डांबली गेली. पुरुष वेगळे, बायका-मुलं वेगळी. खायला अपुरं, जागा अपुरी, वडील जिवंत आहेत की नाही ते माहीत नाही. अशा ठिकाणी एलिझाबेथ एनिस नावाच्या परिचारिकेनं मुलींची एक गाईड कंपनी सुरू केली. साधारण वीसेक मुली, आठ ते सोळा वर्षांच्या. आठवड्यातून एकदा तुरुंगाच्या अंगणातल्या एका कोपऱ्यात त्या जमायच्या.

विचार करा, या वेळी त्यांच्याजवळ कुठला परवाना होता? साम्राज्य? ते तर त्यांच्या डोळ्यांदेखत कोसळलं होतं. उद्याची नागरिक? उद्या आहे की नाही हेच ठाऊक नव्हतं. बिल्ले, गणवेश, मेळावे, काही नाही. चळवळीला उभं करणारी सगळी कारणं तिथे गळून पडली होती. आणि तरी मुली आठवड्यातून एकदा गोल करत होत्या.

त्या मुलींनी ठरवलं, की एनिसबाईंच्या वाढदिवसाला त्यांना भेट द्यायची. तुरुंगात भेट कसली? त्यांनी चिंध्या गोळा केल्या. जुने कपडे उसवून दोरा काढला. षटकोनी तुकडे कापून, जोडून, फुलांच्या आकाराची गोधडी शिवायला घेतली, त्यावर आपापली नावं भरली. आणि हे सगळं गुपचूप. पहारेकऱ्यांपासून लपवून, आणि मुख्य म्हणजे एनिसबाईंपासून लपवून, नाहीतर मजा काय? ती गोधडी आज लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. त्याच तुरुंगातल्या बायकांनीही पुढे तुकड्यांवर भरतकाम करून गोधड्या केल्या. वेगळ्या छावणीतल्या नवऱ्यांना त्यावरची नावं वाचून कळावं, आम्ही जिवंत आहोत, हा हेतू.

मघाचं 'गुपचूप' आठवलं? ब्राउनीच्या गोष्टीतली मुलं पहाटे चोरपावलांनी उठतात, ती गंमत इथे तुरुंगात परत आली आहे. पण आता ते घरकाम नाही. कुणी लावून दिलेलं नाही, कुणी बिल्ला देणार नाही. जिथे दिवसाचा प्रत्येक तास पहारेकऱ्याचा होता, तिथे आठवड्यातला एक तास मुलींनी स्वतःचा करून घेतला. खेळ म्हणजे काय, याची व्याख्या मला कुणी विचारली तर मी यापलीकडे जाणार नाही. खेळ म्हणजे स्वतःच्या मालकीचा वेळ.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वाजवी आहे. 'मॅडम, मग तिथेही उपयोग होताच की! मुलींचं मन खचलं नाही, हा उपयोगच.' बरोबर. पण उपयोगाच्या दोन जाती असतात. काही गोष्टींचा उपयोग धरायला गेलं की तो निसटतो. झोपेनं प्रकृती सुधारते. पण 'प्रकृती सुधारण्यासाठी मी आता झोपते आहे' असं घोकत आडवं व्हा, बघा झोप येते का! त्या मुली मनोधैर्य टिकवण्यासाठी शिवत नव्हत्या, बाईंना चकित करण्यासाठी शिवत होत्या. चकित करण्यात रमल्या, म्हणून मन टिकलं. खेळाचा फायदा हवा असेल तर फायद्याकडे पाठ करूनच खेळावं लागतं. हे कळायला अवघड नाही, पण शाळेच्या कार्यालयाला पटवायला फार अवघड आहे.

आणि म्हणून हा इतिहास आज सांगायचा. आज बुलबुलांचा मेळावा होतो, तेव्हा किती वेळ मुली खेळतात आणि किती वेळ पाहुण्यांच्या स्वागतासाठी ओळीत उभ्या असतात? खेळ संपायच्या आत फोटोसाठी बोलावणं येतं. मग अहवाल: उपक्रमाचे नाव, उद्दिष्ट, निष्पत्ती. आठ वर्षांच्या मुलीच्या हसण्याची निष्पत्ती काय लिहिणार? साम्राज्याचा परवाना गेला, आता रकान्यांचा आला आहे.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. मैदानावर कोण आहे, हे आपण बघतो. कोण नाही, हे कोण बघतं? ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम मांडलं, तेव्हा त्यांना दिसलं, की मुलगी शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड आहे. त्यांनी मुलीला उपदेश केला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे कडेवरचं बाळ पाळण्यात आणि मुलगी वर्गात. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. ताराबाईंना नेमकं कळलं होतं, की गरीब मुलीकडे सगळ्यात आधी कशाची चोरी होते. पैशाची नव्हे, वेळेची. मेळाव्याच्या दिवशी घरी राहून भाकऱ्या थापणाऱ्या मुलीला हीरक पंखाबद्दल काय सांगणार आपण? तिला पंखाआधी वेळ हवा आहे.

आपल्या पुण्यात आळंदी रस्त्यावर 'संगम' नावाचं गाईडांचं जागतिक केंद्र आहे. १६ ऑक्टोबर १९६६ ला लेडी ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते ते उघडलं. जगभरच्या मुली तिथे येतात. या ओलेव्हबाईंचा आणि त्यांच्या पतीचा वाढदिवस एकच, २२ फेब्रुवारी. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या जागतिक परिषदेत तो दिवस चिंतनासाठी ठरला, तो याच कारणानं. जगात आपल्यासारख्या इतर मुली आहेत, त्यांचा विचार करायचा, असा त्याचा अर्थ. १९३२ मध्ये पोलंडच्या परिषदेनंतर त्या दिवशी प्रत्येकीनं एक पेनी द्यायची पद्धत पडली, त्या दूरच्या मुलींसाठी. मला वाटतं, आता पेनीइतकंच आणखी काही देता येईल. जी मैदानावर आलेली नाही, तिच्यासाठी एक तास. शाळेनं तिच्या घरी जाऊन तो मागून आणावा. ती धाकट्याला कडेवर घेऊन आली तर परत पाठवू नये, गोलात घ्यावं. आणि मेळाव्याच्या दिवशी निदान एक तास असा ठेवावा, की ज्यात शिटी वाजणार नाही, फोटो निघणार नाही, आणि काय खेळायचं ते मुली ठरवतील. भांडतील, रडतील, नियम बदलतील. ठरवू द्या.

जाता जाता 'चिंतन दिन' या नावाकडे येते. इंग्रजीतला 'स्कूल' हा शब्द ग्रीक 'स्खोले'वरून आला आहे, आणि त्याचा मूळ अर्थ आहे मोकळा वेळ. अ‍ॅरिस्टॉटल म्हणायचा, ज्यांना पोटापाण्यातून सवड मिळाली त्यांनाच तत्त्वचिंतन सुचलं. म्हणजे चिंतन आणि खेळ ही सख्खी भावंडं. दोघांनाही लागतो मोकळा वेळ, आणि दोघांनाही 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न कायम विचारला जातो. तत्त्वज्ञानाच्या विभागात चाळीस वर्षं मी तो प्रश्न ऐकला आहे. तेव्हा त्या मैदानावर चिंतन दिसत नाही असं मी सुरुवातीला म्हटलं, ते दिसण्यापुरतंच खरं. आठ वर्षांची मुलगी डोळे बांधून, हात पुढे करून, मैत्रिणीला आवाजावरून शोधते आहे. तिला कुणी परवाना विचारू नये, एवढंच माझं म्हणणं.

आता प्रश्न असतील ते घेऊ या.